‘व्हय म्हाराजा’ म्हणायला माणसं

वालावलजवळच्या आमच्या शाळेचा पट तेव्हा चारचा. चौघांनाही एकाच वर्गात बसवून मी ‘वाढती लोकसंख्या’ शिकवत होते. माणसांची गर्दी वाढते, शाळा अपुऱ्या पडतात, असं मी सांगितलं. चौथीतल्या मुलीने रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली आणि विचारलं, “बाई, ही गर्दी खंय वाढली?”

मला हसू आवरेना. पण हसण्यासारखं फार नव्हतं. जूनमध्ये चौथीची दोघं पुढच्या शाळेत जाणार, मागे दोनच उरणार, आणि शाळेला कुलूप लागणार अशी कुणकुण होती. बावीस वर्षं मी त्याच व्हरांड्यात चपला काढल्या होत्या. बदलीच्या नुसत्या विचारानेच रडू यायचं.

त्याच आठवड्यात जपानहून धाकट्या भावाचा फोन आला. तो तिथे म्हाताऱ्यांची सेवा करण्याच्या नोकरीवर आहे.

“गो बाय, मी कामाक आसय ती जागा पण आधी शाळाच होती. पोरां संपली, आता वर्गात म्हातारे निजतत. फळो अजून भिंतीवर आसा.”

“मगे त्यांची स्वतःची माणसां खंय गेली?”

“नायच आसत गो. हंय मी म्हणजे आपल्या आंब्याच्या बागेतलो नेपाळी राखणदार!”

जपान आधी श्रीमंत झाला, मग म्हातारा. आमच्या गावाने मधली पायरीच गाळली. देशात माणसं मावत नाहीत म्हणे, आणि आमच्याकडे मयताला खांदा द्यायला शेजारच्या वाडीत निरोप धाडावा लागतो.

आमच्याकडे अडचण आली की देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवाला एकेक मागणं मोठ्याने सांगतो आणि जमलेल्यांनी दरवेळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मी शाळेसाठी नारळ ठेवला. गावकर म्हणाला, “शाळा पोरांनी भरान जाऊं दे रे म्हाराजा!” होकार द्यायला आम्ही सात जण. त्यातल्या दोघांना ऐकू येत नसल्याने त्यांचं ‘व्हय’ पुढच्याच मागण्याला पडलं. सातांत सगळ्यात तरुण मी, वय एक्कावन्न. देवाने तरी काय करावं?

देवाने वेगळीच वाट काढली. शाळा सुरू व्हायच्या सुमारास बागेतल्या नेपाळी राखणदाराने गावाहून बायको आणि तीन मुलं आणली. मागोमाग त्याची बहीण आपली दोन घेऊन आली. पट दोनचा सात झाला आणि कुलूप टळलं. राखणदाराच्या थोरल्या मुलीने दोन महिन्यांत मालवणी उचलली. पुस्तकातली मराठी मात्र अजून चाचपडतेय.

देवाचे आभार मानायला मी त्या सगळ्यांना देवळात घेऊन गेले. गावकराने नेहमीचं गाऱ्हाणं सुरू केलं. “पोटासाठी जी लेकरां घर सोडून लांब गेली आसत, त्यांची राखण कर रे म्हाराजा!”

हे मागणं आलं की मला भावाचाच चेहरा दिसतो. तेवढ्यात त्या मुलीने आईच्या कानात अर्थ सांगितला. आमचा आवाज निघायच्या आतच त्या बाईने हात जोडले आणि खच्चून म्हटलं, “व्हय म्हाराजा!”

 मग मी दोनदा म्हटलं, एकदा भावासाठी आणि एकदा तिच्यासाठी.