हरलेल्या डावांचे सर

हारिस सर गेल्याचं मला टाउन बसमध्ये कळलं. बुद्धिबळाच्या क्लासच्या ग्रुपवर कार्तिकने एकच ओळ टाकली होती... “सर गेले. त्यांच्या गावी, झोपेतच.” कॉलेजचा थांबा मागे गेला तरी मी उठले नाही.

सर बोस्नियाचे ग्रँडमास्टर. तंजावूरच्या आमच्या क्लासने त्यांना एका वर्षासाठी बोलावलं होतं. तरुणपणीच किताब मिळाला, नाव होऊ लागलं, आणि त्यांच्या देशात युद्ध पेटलं. शहराला वेढा पडला. खेळण्याची ऐन वर्षं त्यांनी तळघरात शेजाऱ्यांशी खेळत काढली. पुढे बसने देशोदेशी फिरून परक्या क्लबांसाठी खेळले, आणि मग शिकवू लागले. हे त्यांनी आमच्या घरी जेवताना सांगितलं, तेही मोडक्या इंग्रजीत, दोन घासांच्या मध्ये. आप्पा त्यांना आपल्या ऑटोतून राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घेऊन आले होते. सरांनी पानावर हात आडवा धरला तर आई म्हणाली, “अय्यो, एवढा मोठा माणूस अन् भात चिमणीएवढा! हात काढायला सांग गं त्यांना.”

वर्गात सर फक्त स्वतःचे हरलेले डाव दाखवायचे. कुठे घाई झाली, कुठे गर्व नडला, कुठे भीती वाटली... एकेका खेळीवर तासभर. कार्तिकने एकदा विचारलंच, “सर, एखादा तरी जिंकलात का हो?” सगळे हसले. सरही हसले. “जिंकलेला डाव नुसती माझी स्तुती करतो,” म्हणाले. “त्यात तुम्ही काय शिकणार?”

मला तेव्हा ते पटलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि तेही खेळाच्या कोट्यातून. विद्यापीठाच्या निवड स्पर्धेत मी ओळीने तीन डाव हरले. आप्पांना काय सांगावं, कळेना. त्याच आठवड्यात क्लासने आम्हाला शिक्षकांबद्दल मत लिहायला सांगितलं, नाव न घालता. मी लिहिलं, ‘सर फक्त हरायला शिकवतात.’

सरांना पुढचं वर्ष मिळालं नाही. त्यामागे माझं वाक्य किती होतं, मला माहीत नाही. पण होतंच. स्टेशनवर पोचवायला आप्पा आणि मी गेलो होतो. सर म्हणाले, “कुणीतरी लिहिलंय, मी फक्त हरायला शिकवतो. धीट मुलगा असणार. तोंडावर कुणी असं बोलत नाही, त्याने निदान लिहिलं.” मी त्यांची बॅग हातात धरून उभी होते. बोलायचं होतं... गाडी आली, आप्पांनी बॅग घेतली, आणि राहून गेलं. नंतर मोबाइलवर कितीदा लिहिलं आणि पुसलं.

सर गेल्याचं कळलं त्या रात्री मी पहिल्यांदाच जुन्या डावांच्या डेटाबेसमध्ये त्यांचं नाव शोधलं. जिंकलेले डाव पानामागून पान निघाले. ज्यांची नावं आम्ही पुस्तकांत वाचतो, त्यांनाही हरवलेलं. एक डाव युद्धाच्या जरा आधीचा आहे. काळी मोहरी सरांची. ऐन हल्ल्याच्या वेळी ते हत्ती एक घर मागे घेतात, आणि समोरचा खेळाडू डाव सोडून देतो. संगणक म्हणतो, खेळी बरोबर आहे. पण हत्ती मागे घ्यायचं त्यांना सुचलं कसं, ते तो सांगत नाही. रोज कॉलेजला निघण्याआधी मी तो पट मांडते, त्या खेळीपर्यंत येते आणि थांबते. हरलेला प्रत्येक डाव सरांनी समजावून दिला होता. हा कुणाला विचारू?