वाळूची पेज

रेल्वेच्या पाहणीला आलेल्या तुकडीत जमिनीला भोक पाडून माती काढणारा एक मिस्त्री होता. कसालला आमच्या ओटीवर तो रोज चहाला येई. मातीची प्रत्येक चिमूट तो कानाशी चोळून ऐके आणि मगच वहीत लिही. बशीतला चहा मात्र कुठेतरी लांब बघत पिई.

त्या हिवाळ्यात भूकंपाच्या धक्क्यांनी जमीन वरचेवर हादरत होती. रुळांचा भराव ओहोळाकाठच्या मळ्यातून जायचा होता, कारण तुकडीच्या साहेबांना ती वाट सरळ पडे. एका सकाळी मिस्त्रीने त्याच मळ्यातली ओली वाळू बादलीत भरली, वर चिऱ्याचा तुकडा ठेवला आणि बादलीला थापट्या मारू लागला. मीही बघत होतो. पाच थापट्या झाल्या तरी तुकडा ढळला नाही. साहेब हसले.

"थांबा साहेब, धक्का एकटा येत नाही."

सतराव्या थापटीला पाणी वर आले आणि तुकडा बुडाला.

"खाली अशी पेज झाली, तर वरचा भराव राहणार कुठे?"

रुळांच्या आखणीच्या खुंट्या मळ्यातून उठल्या आणि माझ्या कातळावर आल्या. माझी आंब्याची तेवीस कलमे त्या आखणीत सापडली.

दुसऱ्या दिवशी तो ओटीखालीच उभा राहिला. "तुमची कलमां माका दिसत होती. पण वाळू खोटा बोलूची नाय."

"वर ये रे मिस्त्री. सतरा थापट्ये मीय मोजलंय."

तो वर आला. त्या दिवशी चहा त्याने बशीकडे बघत प्यायला.