मनीची शिकार

थंडीत वाकळ उन्हात टाकली, की तापल्या सुताच्या वासानं मी या वयातही शुक्रवार पेठेतल्या आमच्या अंगणात जाऊन पोचते. माझी थोरली बहीण अक्का वाकळेला ठिगळ लावत बसली होती. आमच्या मनी मांजरीनं तोंडातला उंदीर आणून थेट तिच्या मांडीवर ठेवला.

"लई शहाणी हाय की माझी बाय!" अक्का हसली, आणि शेपटीला धरून तिनंच तो बाहेर टाकला.

उंदराला कुठंच दात लागलेला नव्हता. तो मनीला मेलेलाच सापडला असणार, हे आता कळतं. तेव्हा आम्हाला ती शिकार वाटली.

आठवड्यात अक्का प्लेगनं गेली. आईनं तिची वाकळ अंगणात जाळली. थंडी कडाक्याची होती. मनी त्या कोमट राखेत जाऊन अंगाचं मुटकुळं करून निजली.