हातभर पुढे आलेला पत्रा

हसायचं तर मोकळेपणी हसा, मी राग धरणार नाही. फक्त तोंडात घास असेल तर आधी गिळून घ्या. माझी ही फजिती ऐकताना ठसका लागला तर तो दोष माझा नाही.

आमचं गाव मुरबाडजवळ, म्हसा रस्त्याला. शेजारी जनार्दन, नात्यानं भावजीच म्हणायचे. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक बोळ. बोळ तरी केवढा? दोन बायका हंडे घेऊन समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागेल, एवढा. त्यातला आमच्या बाजूचा अर्धा माझा. तिथं माझं अळू, पडवळाचा वेल, गवती चहा. ती माती मी टोपल्या वाहून टाकलीय, फुकट नाही मिळाली!

यंदा उन्हाळ्यात जनार्दन भावजींनी जुना गोठा पाडला आणि तिथं लोखंडी सांगाड्याची, पत्र्याची मोठी शेड बांधायची ठरवली. अर्ध्यात टिलर आणि भाताची पोती, अर्ध्यात त्यांच्या बायकोचं, विमलचं, नवं स्वयंपाकघर. खिडकी आमच्या बोळाकडे.

मुरबाडचा फॅब्रिकेशनवाला टेप घेऊन मापं घ्यायला आला, तेव्हा मी अळूची पानं काढायला बोळात गेले होते. सहज हं! आता पानं काढायला किती वेळ लागतो? मला त्या दिवशी अख्खी सकाळ लागली.

"छप्पर भिंतीच्या बाहेर किती काढू?" त्यानं विचारलं.

"मागं वीतभर पुरे," भावजी म्हणाले. "पुढं दारावर जरा जास्त. आणि ह्या बाजूला चांगला हातभर येऊ दे."

ह्या बाजूला म्हणजे कुठल्या? माझ्या!

तुम्ही म्हणाल, आला पत्रा पुढे तर आला, त्यात काय एवढं? अहो, आमच्या जुन्या लोकांचा हिशेब वेगळा आहे. छपराची पागोळी जिथं गळते तिथं जमिनीत चर पडतो. तो चर म्हणजे त्या घराची हद्द. भांडण लागलं की म्हातारी माणसं कागद मागत नाहीत, कमरेत वाकून चर बघतात. मग ज्याची पागोळी हातभर पुढे, त्याची हद्द कुठं पोचली? माझ्या अळूत!

घरात आले आणि ह्यांना सांगितलं, "अहो, जनार्दन भावजी आपली जागा खातायत."

"कशानं?" हे भाकरी मोडत होते.

"पत्र्यानं!"

"बरं. भाजी वाढ."

बघा! अशा माणसाच्या भरवशावर जमीन टिकते का?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पानं काढायला गेले. अळू आता बोडकं दिसायला लागलं होतं.

"ह्या बाजूला पन्हळ लावू का?" फॅब्रिकेशनवाला विचारत होता. "पाणी पाइपातनं मागं जाईल."

"लावा, लावा. खाली थेंब पडता कामा नये."

थेंब नाही तर चर नाही. चर नाही तर पुरावाच गायब! काल पागोळी पडणार म्हणून मला झोप नव्हती, आज ती पडणार नाही म्हणून घाम फुटला.

"पत्र्याखाली बल्ब?"

"एक लावा."

"खाली माती ठेवायची का कोबा?"

"कोबाच करू. पाय नको घसरायला कुनाचा."

कोबा! म्हणजे जमीन पक्की केली. बल्ब! म्हणजे वीजही घेतली. आता राहिलं काय? फक्त भिंत!

माझा धाकटा भाऊ शहापूरला असतो. लग्नाच्या पंगतीपेक्षा बांधाच्या भांडणात त्याचा जीव जास्त रमतो. त्याला फोन लावला.

"आक्का, आज पत्रा, उद्या भिंत, परवा तुमी त्यांचे भाडेकरू!" तो म्हणाला. "मी येतो. तवर तू तोंड उघडू नको."

तोंड उघडू नको? मला? मी लगेच चार घरं फिरून सांगून आले.

तो आला तो दोरी आणि फक्कीची पिशवी घेऊनच. तोवर पत्रे चढले होते. आम्ही बोळात दोरी धरून पांढरी रेघ मारली. चार घरांतली माणसं जमली होतीच, आमंत्रण माझंच होतं ना!

"वयनी, ह्ये काय चाललंय?" भावजी बाहेर आले.

"ते तुमीच सांगा! बाकी सगळीकडं आखडता हात, आणि माझ्याच बाजूला हातभर पत्रा कशाला?"

भावजी विमलकडे बघायला लागले. विमलनं पदर तोंडावर घेतला. बघितलंत? चोरी उघडी पडली की माणसं अशीच करतात!

"ऱ्हाऊ दे ना वयनी," भावजी खालच्या आवाजात म्हणाले. "आत या, सांगतो. चारचौघांत नको."

"चारचौघांतच पायजे!" भाऊ गरजला.

"आणि आधी पत्रा कापा!" मी त्याच्या वर.

भावजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग फॅब्रिकेशनवाल्याला म्हणाले, "काप बाबा."

कटर किंचाळला, ठिणग्या उडाल्या आणि पन्हळीसकट तो पत्रा धाडकन बोळात पडला. माझं उरलंसुरलं अळू त्याखालीच गेलं. जाऊ दे. हद्द राहिली!

"आता तरी बोला," भावानं मिशीवर हात फिरवला. "कुनासाठी काढला होता?"

"तायसाठी," विमल म्हणाली.

"माझ्यासाठी?"

"ताय, पावसात तुमी आमच्या भिंतीला कान लावून उभ्या असता ना..."

"मी? कधी गो?"

"गेल्या साली तुमी शिंकलात. मी आतनं इचारलं, 'सर्दी झाली का ताय?' तर तुमी बाहेरनं बोललात, 'नाय गो, तुझ्या फोडणीचा ठसका!'"

चार घरं हसली. आमचे हे कधी नाही ते ओट्यावर उभे राहून हसले.

"मग तुमी तापानं पडलात," विमल पुढे सांगतच होती. "तवा हे बोलले, ऐकतायत तर ऐकू दे, पन भिजायला नको. पत्रा वाढवू, पन्हळ लावू, खाली कोबा करू. काळोखात काय साप-किरडू आलं तर दिसायला बल्ब लावू."

मी भावाकडे बघितलं. तो दोरी गुंडाळत होता. "आक्का, धसईला जरा काम हाय," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेलासुद्धा!

आता पावसाळा लागलाय. जिथं उभं राहायचं, नेमकी तिथंच पागोळी गळते. मानेवर, सरळ पाठीत! विमल खिडकीतून हाक मारते, "ताय, भिजू नका, आत या." आता एवढ्या मायेनं बोलावते म्हटल्यावर जावं लागतं. पाट देते, अंग पुसायला टॉवेल देते, पानात गरम भाकरी वाढते.

पण खरं सांगा, आत बसून काय उपयोग? मी समोर असताना माझ्याबद्दल कोण काय बोलणार!