एकवीस फुलांतलं एक

भादव्यातला मंगळवार होता. धरणावरनं उठलेलं धुकं माकणीच्या शिवारात अजून रेंगाळत होतं. मठामागच्या परसात शरणम्मा खराट्यानं पाला ओढत होती, आणि एखादा दगड हललासा वाटला की थांबत होती. बहुतेकदा तो दगडच निघायचा. कधी मात्र त्याला हळूच पाय फुटत, सुरकुतलेली मान बाहेर येई, आणि जग आत्ताच दिसल्यासारखं ते कासव तिच्याकडं बघत राही.

तीन वर्षांमागं ते ओढ्याकडनं आलं आणि कुंपणाच्या फटीतनं जात-येत इथलंच झालं. धरू नका, कोंडू नका, एवढं वनखात्याचा माणूस सांगून गेला होता. शरणम्माचं माहेर कर्नाटकातलं. ती त्याला कानडीतनं ‘आमे’, म्हणजे कासव, म्हणे, आणि भोपळ्याचं पिवळं फूल पुढं करून ‘बा, बा’ करून बोलवी. सून शिवांजली म्हणायची, “अत्या, आमाला वाढताना एवढा लाड दिसत न्हाय तुमचा.”

त्या सकाळी ते सापडलं कालच्या सोमवारच्या निर्माल्याच्या ढिगात. तोंडाला पिवळी पाकळी चिकटलेली. विहिरीजवळच्या पिवळ्या कण्हेरीची.

“बी वाईट असतंय तिचं,” पुजाऱ्याचं सोवळं सावरत शरणम्माचा नवरा कल्याणप्पा म्हणाला. “फूल तर महादेवाचं हाय. त्यानं काय व्हतंय?”

“महादेव अंगावर घेतोय. गिळत न्हाय,” शरणम्मा म्हणाली.

शिवांजलीनं लोहारा गावातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फुलाचा फोटो धाडला. बाईंचा लगेच फोन आला. नुसत्या फुलावरनं कसं सांगू, पान दाखवा, फांदी मोडून बघा. शरणम्मानं डहाळी मोडली. पांढरा चीक टपटपला.

“तीच ती,” बाई म्हणाल्या. “बी, पान, फूल, समदं विषारी. किती खाल्लंय?”

सून सासूकडं बघू लागली. शरणम्मा मात्र पोतं अंथरून ढिगापुढं बसली. दर सोमवारी पिंडीवर एकवीस फुलं, एक कमी न्हाय की एक जास्त न्हाय. तीस वर्षं तीच खुडून देत आली होती. बेलाची पानं बाजूला सारत ती फुलं मांडत गेली. वीस अख्खी निघाली. एकविसावं अर्धंच होतं. मग ओल्या फडक्यानं तिनं कासवाच्या तोंडावरची पाकळी काढली आणि त्या अर्ध्याला जोडून बघितली. नखाएवढा तुकडा तेवढा कमी पडला.

“एवढ्यानं बहुतेक काही व्हायचं न्हाय,” फोनवर ते ऐकून बाई म्हणाल्या. “पण आज नजर ठेवा. मान टाकली, फेस आला, तर तसंच उचलून आणा.”

शरणम्मा त्याच्यापाशी बसून राहिली. धुकं विरलं, ऊन पाठीवर आलं. कासवानं मान आत घेतली होती. त्याच्या कवचावरचे चौकोन बघता बघता तिला त्यात बांध दिसायला लागले, ज्वारीची ताटं दिसली, आणि बांधावरनं चाललेली दहा वर्षांची पोर, माहेरची ती स्वतःच, डोक्यावर भाकरीचं फडकं. ती पोर चालतच होती, शेत काही सरत नव्हतं. कासवच थांबलं तर ही पोर कुठं जाईल, असं काहीबाही तिच्या मनात येत होतं.

ऊन कलताना कवचातनं आधी नाक आलं, मग मान. कासव सावकाश चालत विहिरीच्या ओलीला गेलं आणि घोळीच्या भाजीवर तोंड टाकलं. शरणम्मा धावली. आधी देठ मोडून बघितला. चीक नव्हता, नुसतं पाणी. मग तिनं त्याला खाऊ दिलं.

“झाड देवाचं हाय,” मागनं कल्याणप्पा म्हणाला. “तोडू देणार न्हाय म्या.”

“तोडा कुणी म्हणलं? निर्माल्य खड्ड्यात पुरा. आन् गळालेली फुलं त्याच्या तोंडाला लागू नयेत म्हणून बुडाभवती दगड रचा. हातभर उंच.”

“हातभर कशाला,” तो पुटपुटला, “त्याला काय उडी येतीय.” आणि कुदळ आणायला गेला.

शरणम्मा घरात आली. हात दोनदा धुतले. तूर निवडायची राहिली होती. सूप मांडीवर घेऊन ती खडे वेचायला बसली.