थोरल्या घराचा जिना

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. हा अनुभव त्यात बसतो का, तेही माहीत नाही... पण दिवसाढवळ्या घडलंय, म्हणून लिहिते. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मुरगूडजवळच्या आमच्या गावातलं सगळ्यात जुनं घर म्हणजे 'थोरलं घर'. इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी मी तेच घेतलं — घर कधीचं, मालक कोण कोण झाले, खोल्यांची मापं. आता तिथे आण्णा राहतात. त्यांच्या पणजोबांनी ते विकत घेतलं. त्याआधी कुणाचं होतं, गावात कुणालाच सांगता येत नाही. आम्ही तिथे दूध घालतो, पण सोप्याच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, आत आमच्यापैकी कुणी कधी गेलेलं नव्हतं.

सकाळचे अकरा वाजले असतील. माडीचा जिना भिंतीतच आहे, दिवसाही अंधारा. मी पुढे, आण्णा बॅटरी घेऊन मागे. मी वर पोचले, तर आण्णा मधेच थांबलेले.

"वर कवा आलतीस?"

"आज पयल्यांदाच, आण्णा."

"खोटं बोलू नगंस. नववी पायरी मुद्दाम उंच हाय, चोरासाठी. नवं माणूस आपटतंयच. आमची बायको लगीन होऊन आली, धा दिवस ठेचकाळत हुती. आन् तू खाली बघितलं बी न्हाईस!"

मी टेपने मोजलं. बाकीच्या पायऱ्या सात इंच, ती अकरा. मला खरंच काही जाणवलं नव्हतं.

"चोरून चढली असशील, न्हायतर तुझ्या बानं सांगितलं असंल. बघूया त्याला म्हाईत हाय का," असं म्हणत आण्णांनी बाबांना फोन लावला. 'एक तक्रार घरी आली की कॉलेज बंद' — या बोलीवरच बाबांनी मला पाठवलंय.

बाबा रानातून तसेच आले. आण्णांनी कारण सांगितलंच नाही. "म्हादबा, पोरीची वही माडीवर ऱ्हायलीया. आण जा."

मी खाली उभी. मनात म्हणत होते, बाबा, ठेच लागू दे... एकदाच. म्हणजे निदान त्यांनी मला सांगितलेलं नाही, एवढं तरी ठरेल. पावलं मोजत होते. सात... आठ... नऊ. आवाज एका लयीत वर गेला.

ते उतरल्यावर आण्णांनी सगळं सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, "आण्णा, वीस वर्सं दूध घालतोय. सोप्याच्या आत कवा बघितलासा मला? आन् माझी पोरगी खोटं बोलत न्हाय."

आण्णा "न्हाय बघितलं," म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता — "पयल्या मालकाचं काय लिवू नगंस, पोरी."

मी लिहिलं, 'मूळ मालक — माहिती मिळाली नाही.' ते खरंच आहे. कॉलेज चालू आहे. सर म्हणतात, योगायोग. एकाचा असेल... दोघांचा? मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना मी बाबांना विचारलं होतं, "उंच पायरी अंधारात कशी कळली तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "उंच कुठली? सगळ्या सारख्याच हाईत की."