मोडीच्या भावात गेलेले तोडे

माझ्या थोरल्या बहिणीच्या गळ्यात सोन्याचा गोफ आहे आणि तो मला आजही बघवत नाही. लोक म्हणतील, सख्ख्या बहिणीचं काय पोटात दुखायचं. दुखतं. परक्याचं एवढं दुखत नाही.

ताईचं सासर संत्र्याच्या व्यापारातलं, कळमन्याच्या बाजारात त्यांचा गाळा आणि जवळच घर. आमच्या घरी मात्र माग होता. वडील आणि आई दोघंही लुगडी विणायचे. पुढे माग विकावा लागला. जे होतं नव्हतं ते वडिलांनी दोघींत वाटलं. ताईला मोठ्या घरात मान खाली घालावी लागू नये म्हणून तिला मागाच्या पैशातून गोफ आणि पाटल्या आल्या. मला कारकुनाच्या घरात द्यायचं होतं, म्हणून मला आईच्या पायातले चांदीचे तोडे. कोणी तोंडानं काही बोललं नाही, पण सोनं गळ्यात जातं आणि चांदी पायात राहते, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

ते तोडे मी कधी घातले नाहीत. कपाटात डांबराच्या गोळ्यांजवळ पडून काळे झाले. सोन्याचा भाव वाढला की ताई फोन करायची, आणि मी ‘बरं झालं वं’ म्हणून फोन ठेवला की दिवसभर भांडी आपटायची.

मग चांदीनं उसळी घेतली. आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी चांदी. मला तर उकळ्या फुटल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी आहे असं वाटलं. भाव उतरायच्या आत तोडे पिशवीत घातले आणि ऑटो करून इतवारीतला सराफ बाजार गाठला.

सराफ गोड बोलणारा होता. पाणी मागवलं, तोडे हातात फिरवले आणि त्याचा चेहरा हळूहळू दुःखी होत गेला. म्हणाला, जुना माल आहे, वहिनी. चांदी शुद्ध नाही, सांधे जोडायला लावलेला टाका फार आहे, त्याचं वजन वजा होईल. उजव्या तोड्याची आतली बाजू पार घासलेली होती. आई मागावर बसून पायाखालच्या पावड्या मारायची, तेव्हा तो तोडा मागाच्या खड्ड्याच्या काठाला लागायचा. सराफानं त्यावरूनही बोट फिरवलं आणि मान हलवली. शेवटी म्हणाला, असं कोणी आता घालत नाही, आटवावंच लागेल, आणि आटवलं की घट आलीच. पेपरातला भाव विकायचा असतो, घ्यायचा मोडीचा भाव वेगळा असतो, हेही त्यानं मला शाळेतल्या पोरीसारखं समजावून सांगितलं. एकेक वजाबाकी होत गेली तशी माझी पिशवी हलकी होत गेली, तरी मी हो म्हटलं. मला पैशाची तेवढी घाई नव्हती. ताईला सांगायची घाई होती.

संध्याकाळी फोन केला, तोडे विकल्याचं सांगितलं आणि चांदीनं सोन्याला कसं मागे टाकलं तेही सांगितलं. किती आले, तेसुद्धा ताईनं विचारलं नाही. जळली, असं मला वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मग तिनं एवढंच विचारलं, कोणत्या दुकानात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी. मला गाडीत बसवलं आणि थेट त्याच दुकानात नेलं.

तोडे काचेच्या कपाटात होते, लाल मखमलीवर. रिठ्याच्या पाण्यात उकळून, ब्रशनं घासून असे लख्ख केले होते की मी ओळखलेच नाहीत. ताईनं ओळखले. उजव्या तोड्यात बोट घालून आतली घासलेली बाजू चाचपली आणि किंमत विचारली. सराफाला मी नक्की दिसले, पण त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. असं काम करणारा कारागीर आता राहिला नाही म्हणाला, ही जुन्या काळातली अस्सल चांदी म्हणाला, आणि त्या दिवसाचा पूर्ण भाव लावून वर मजुरी सांगितली. जे आटवलंच नाही त्याची घट त्यानं माझ्याकडून घेतली होती, आणि जे घडवलंच नाही त्याची मजुरी तो ताईकडून घेत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईनं पर्स उघडली. घासाघीस केली नाही. तिथेच स्टुलावर बसून तिनं दोन्ही तोडे पायात चढवले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गोफही तिचा, पाटल्याही तिच्या, आता तोडेही तिचे.

“मले काहून नाही विचारलं वं?” गाडीत बसल्यावर ती म्हणाली. “मीच घेतले असते.”

मी म्हटलं, तुले काय कमी आहे, सोन्यानं मढली आहेस.

ती माझ्याकडे न बघता बोलली. “सोनं तं बाबानं दुकानातून आणलं होतं. आईच्या अंगाले ते कधी लागलंच नाही. तोडे तिच्या पायातले होते. ते तुले भेटले त्या दिवसापासून माह्या पोटात दुखून राहिलं.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिला वाटलं असेल, मला रडू आलं. रडू नव्हतं, संताप होता. एवढी वर्षं ही माझ्यावर जळत होती आणि मला पत्ता नाही. तेव्हाच कळतं, तर मी ते तोडे कपाटात ठेवलेच नसते. रोज घातले असते, आणि कळमन्याला काही काम नसतानाही तिच्या दारावरून चालत गेले असते.